पदभाराचा पहिला दिवस

निवडणुकीचा गुलाल एका आंघोळीत निघून जातो. पदाची जबाबदारी मात्र पाच वर्षे खांद्यावर राहते. नव्या सरपंचांना ही जाणीव प्रथम होते ती ग्रामपंचायत कार्यालयाचा उंबरठा ओलांडताना. समोर नोंदवह्यांनी भरलेली कपाटे, सहीसाठी थांबलेली कागदपत्रे आणि आता काय बोलणार म्हणून पाहत असलेली माणसे. अशा वेळी छाती धडधडणे, घशाला कोरड पडणे, मनात ठरविलेले शब्द ऐन वेळी न आठवणे हे अगदी स्वाभाविक होय.

शरीराची ही प्रतिक्रिया भित्रेपणाची खूण नव्हे. अनोळखी प्रसंग समोर येताच मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथींमधून ॲड्रेनालीन हा स्राव रक्तात मिसळतो. त्यामुळे नाडी जलद चालते, स्नायूंना अधिक रक्त पुरविले जाते व शरीर कामाला सज्ज होते. दोन-चार वेळा श्वास सावकाश सोडला, घोटभर पाणी घेतले, तर ही धडधड बरीच कमी होते. परंतु हा तात्पुरता उपाय झाला. भीतीचे खरे मूळ अज्ञातात असते. आपल्या ताब्यात नेमके काय येत आहे, हे समजले की ती आपोआप ओसरू लागते.

प्रथमच येणाऱ्यांचा प्रश्न

त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अंमलात आली व पंचायतींमध्ये स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्यामुळे ज्यांच्या घरातील कोणीही पूर्वी कार्यालयाची पायरी चढले नव्हते, अशा अनेक भगिनी सरपंचपदावर येऊ लागल्या. पहिल्या दिवशीचा संकोच त्यांच्या बाबतीत अधिक महागात पडण्याचा संभव असतो. कारण, "तुम्ही बसा, मी पाहतो" असे म्हणणारे कोणी ना कोणी शेजारी उभे असते. एकदा ती खुर्ची सोडली की परत मिळविणे कठीण जाते. कायद्याने अधिकार दिले आहेत ते निवडून आलेल्या व्यक्तीला. पती, दीर किंवा पुत्र यांना त्यांपैकी एकही अधिकार मिळत नाही आणि झालेल्या चुकीची जबाबदारीही त्यांच्यावर जात नाही.

काय पाहावे, काय विचारावे

पहिल्याच दिवशी सर्व काही समजावे अशी अपेक्षा कोणीही करू नये. मात्र चार गोष्टी अवश्य पाहाव्यात. पहिली, रोकड वही : वहीतील शिल्लक, हाती असलेली रक्कम व बँकेच्या पासबुकातील आकडा यांचा मेळ बसतो काय? दुसरी, नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही : गावात घरे किती आणि कर किती थकला आहे? तिसरी, मालमत्तेची नोंदवही : तीत लिहिलेले पंप, दिवे, सतरंज्या, संगणक प्रत्यक्षात आहेत काय? चौथी, सभांची इतिवृत्ते : मागील ठरावांपैकी कोणते अपुरे राहिले आहेत? जी वस्तू दिसली नाही, तिची नोंद पदभाराच्या यादीवर तेथल्या तेथे करावी व मगच सही करावी. आज न लिहिलेली उणीव उद्या आपल्या नावावर येते.

ग्रामनिधीतील पैसे सरपंच व सचिव या दोघांच्या सह्यांनी निघतात. वित्त आयोगाच्या निधीची देयकेही या दोघांच्या डिजिटल स्वाक्षरीने दिली जातात. म्हणून आपल्या स्वाक्षरीचे उपकरण व त्याचा सांकेतिक क्रमांक दुसऱ्याच्या हवाली करणे म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा उमटवून देण्यासारखेच आहे. वाचन जड जात असल्यास कागद मोठ्याने वाचून घ्यावा, अर्थ विचारावा. "मी उद्या सही करीन" हे वाक्य उच्चारण्यास कोणताही संकोच नसावा.

जुन्या मंडळींचे कर्तव्य

नव्या माणसाचा पहिला दिवस सोपा करणे हे जुन्यांच्या हाती असते. ग्रामपंचायतीचे सचिव, ज्यांना गाव ग्रामसेवक म्हणून ओळखते, त्यांनी नोंदवह्या स्वतःहून उघडून दाखवाव्यात. अनुभवी सदस्यांनी प्रश्नाला हसू नये. गावच्या शिक्षकांनी कायद्यातील अवघड शब्दांचा अर्थ सांगितला, तर तेही मोठे साहाय्य ठरेल. पुढील प्रशिक्षणासाठी पंचायत समिती व पुण्याची यशदा ही संस्था आहेच.

महिन्यातून किमान एक मासिक सभा आणि वर्षातून किमान चार ग्रामसभा बोलवाव्या लागतात. पहिल्या सभेपूर्वी विषयपत्रिका एकदा घरी मोठ्याने वाचून पाहावी व पहिले दोन वाक्य लिहून ठेवावे. सभेत निर्णय बहुमताने होतो, तेव्हा सर्व भार एकट्या सरपंचांनी वाहायचा नाही, हेही ध्यानात घ्यावे. ज्या कार्यालयात नव्या सरपंचांना पहिल्या दिवशी निःसंकोचपणे प्रश्न विचारता येतात, त्या कार्यालयात गावकऱ्यांनाही तसेच प्रश्न विचारता येतील, असा विश्वास वाटतो.