एका चित्राची शिक्षा

राजाची थट्टा करणारें एक चित्र काढल्याबद्दल फ्रान्समधील एका तरुण चित्रकाराला सहा महिने कैद आणि पांचशें फ्रँक दंड झाला. असें त्या चित्रांत होतें तरी काय?

चित्राचें नांव ‘गार्गांतुआ’. चित्रकार ऑनोरे दोमिए. वय अवघें तेवीस. १८३१ च्या डिसेंबरांत तें पॅरिसमध्यें प्रसिद्ध झालें. गार्गांतुआ हा राब्ले या सोळाव्या शतकांतील लेखकाच्या कथेंतला खादाड महाकाय पुरुष. दोमिएनें त्याच्या जागीं राजा लुई फिलिप यास बसविलें. मस्तक नासपतीच्या फळासारखें, वर निमुळतें नि खालीं फुगीर. राजानें जबडा वासला आहे. जमिनीपासून त्याच्या मुखापर्यंत एक लांब फळी लावलेली असून, नाण्यांच्या टोपल्या पाठीवर घेतलेले नोकर तीवरून वर चढत आहेत. खालीं फाटक्या वस्त्रांतील गरीब लोक आपल्याजवळचें किडूकमिडूक त्या टोपल्यांत ओतीत आहेत. त्यांतच एक कृश स्त्री तान्हें मूल घेऊन बसली आहे. पुढचें सांगतांना थोडा संकोच वाटतो, परंतु चित्राचें मर्म तेथेंच आहे. राजाचें आसन हें शौचाची खुर्ची आहे, आणि तिच्याखालीं पडत आहेत ते पदव्यांचे व नेमणुकांचे कागद. ते वेंचावयास दरबारी मंडळींची झुंबड उडाली आहे. कराचा पैसा कोठून येतो व कोठें जातो, हें निरक्षर मनुष्यासही एका दृष्टिक्षेपांत कळावें!

हें चित्र शिळाछापाचें होतें. आपल्याकडे जुन्या पोथ्या ज्या रीतीनें छापीत, तीच ही रीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस म्यूनिकच्या झेनेफेल्डर यानें ती शोधून काढली. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, मग दगड ओला करावयाचा. शाई ओल्या भागास चिकटत नाहीं, तेलकट रेघांस मात्र चिकटते. कोरणाऱ्या कारागिराची गरज उरली नाहीं. चित्रकाराच्या हातची रेघ जशीच्या तशी, झटपट नि स्वस्तांत लोकांपुढें येऊं लागली.

सरकारला धास्ती वाटली ती याचमुळें. वस्तुतः लुई फिलिप गादीवर आला तो १८३० च्या जुलै क्रांतीनें. आणि ती क्रांति पेटण्यास पूर्वीच्या राजानें वृत्तपत्रांच्या मुसक्या बांधण्याचा केलेला यत्न कारण झाला होता. नव्या सनदेंत, पूर्वतपासणी पुन्हां कधींही येणार नाहीं, असें स्पष्ट वचन होतें. तरीही १८३२ च्या फेब्रुवारींत दोमिएला शिक्षा झाली, आणि ऑगस्टांत त्याची रवानगी सेंत-पेलाजीच्या तुरुंगांत झाली.

पुढें १८३५ मध्यें राजावर प्राणघातक हल्ला झाला, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत चित्रांस पूर्वपरवानगीची अट घालणारा कायदा झाला. युक्तिवाद असा कीं, सनदेनें दिलें तें मतप्रकाशनाचें स्वातंत्र्य. चित्र हें डोळ्यांवर आघात करितें, म्हणून तें मत नसून कृति होय. लेखाला मोकळीक, चित्राला बंदी! चित्राच्या सामर्थ्याची याहून प्रामाणिक कबुली क्वचितच कोणत्या सरकारनें दिली असेल.

दोमिए मग वकील, न्यायाधीश, दुकानदार यांच्या व्यंगांकडे वळला. आयुष्यांत त्यानें सुमारें चार हजार शिळाचित्रें काढलीं. राजाला १८४८ मध्यें देश सोडून पळावें लागलें. ‘गार्गांतुआ’च्या थोड्याच प्रती उरल्या; परंतु त्यांतली ती फळी आजही पाहणाऱ्याची नजर त्या तान्ह्या मुलाच्या आईपासून थेट राजाच्या मुखापर्यंत नेते.