पंचविसाचे एकवीस करावे काय?



गळीत हंगाम सुरू झाला की वजनकाट्यावर नंबर लागेपर्यंतच्या बसण्यात नाना विषय निघतात. तोडणीची पाळी, साखरेचा उतारा, बिलाची तारीख हे तर नेहमीचेच. त्यांच्या जोडीला आणखी एक विषय कानावर येतो. दारू पिण्यासाठी कायद्याने ठरविलेले वय कमी करावे, असे काही जण म्हणतात. "अठराव्या वर्षी मत देता येते, तर पंचविसाव्या वर्षापर्यंत पेला का धरता येत नाही?" हा एक सवाल. दुसरा सवाल खास आपल्या बिरादरीचा आहे. "खप वाढला तर मळीला भाव येईल. त्यात ऊसवाल्याचेच भले नाही काय?" दोन्ही सवाल सरळ आहेत, तेव्हा उत्तरही सरळच द्यावे, असे आम्हांस वाटते.

कायदा काय म्हणतो?

मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ सालचा. आपला भंडारा जिल्हा तेव्हा त्या राज्यात नव्हता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. पुढे दारूबंदी सैल होत गेली. १९७३ साली देशी दारूचे नियम झाले आणि परवान्याची दुकाने रुळली. आज महाराष्ट्रात देशी व विदेशी दारूसाठी २५ वर्षे आणि बीअर-वाईनसाठी २१ वर्षे पुरी व्हावी लागतात. त्यावर पिणाऱ्याजवळ परवानाही हवा. हा परवाना किती जणांच्या खिशात असतो, ते वाचकांना सांगायला नको.

आपल्या जिल्ह्याची तर मोठी गंमत आहे. तुमसरच्या उत्तरेला बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश. तेथे वय २१. दक्षिणेला लाखांदूरकडून वैनगंगा ओलांडली की वडसा, म्हणजे गडचिरोली जिल्हा. तेथे १९९३ पासून दारूच बंद. मधल्या आपल्या मोहाडी तालुक्यात २५. दूर गोव्यात गेले तर १८. पोरगा तोच, पण नदी बदलली की त्याचे शहाणपणाचे वय बदलते! यावरून कोणी म्हणेल की वयाचा आकडा हा नुसता कागदाचा खेळ आहे. पण थोडे थांबावे.

कमी करा म्हणणाऱ्यांची बाजू

त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मतदानाचे वय १९८९ साली २१ वरून १८ वर आले. अठराव्या वर्षी गाडीचे लायसन मिळते, फौजेत जाता येते. एकविसाव्या वर्षी मुलाचे लग्न होते. ज्याला बाप होता येते त्याला बीअरपलीकडे काही मागता येत नाही, हे विचित्र दिसते खरे. २०११ साली राज्याच्या व्यसनमुक्ती धोरणाने पंचविसाची अट पुन्हा चर्चेत आणली, तेव्हा मुंबईत चित्रपट अभिनेते इम्रान खान यांनी तिला उघड विरोध केला तो याच मुद्द्यावर. हरियाणाने २०२१ साली २५ चे २१ केले. दिल्लीनेही त्याच वर्षी तसे जाहीर केले, पण ते नवे धोरण २०२२ साली मागे घ्यावे लागले.

परंतु मत देणे आणि दारू पिणे यांची तुलना आम्हांस पटत नाही. मत चुकले तर पाच वर्षांनी दुरुस्त करता येते. विशीच्या आत लागलेली सवय दुरुस्त करता करता घर बुडते. माणसाच्या मेंदूतला मागचा-पुढचा विचार करणारा भाग पंचविशीच्या आसपास पक्का होतो, असे डॉक्टर सांगतात. आपले जुने लोक "मिसरूड फुटले म्हणजे अक्कल आली असे नाही" म्हणत, ते याहून वेगळे नव्हते.

ज्यांनी करून पाहिले

अमेरिकेत १९७० नंतरच्या काही वर्षांत बऱ्याच राज्यांनी हे वय खाली आणले. रस्त्यावर तरुण पोरांचे अपघात वाढले. मग १९८४ साली तेथील केंद्र सरकारने कायदा केला की, जे राज्य वय २१ करणार नाही त्याच्या रस्त्यांचा काही पैसा कापला जाईल. १९८८ पर्यंत सर्व राज्ये २१ वर आली. न्यूझीलंडने १९९९ साली २० चे १८ केले. पुढे तपासणी झाली तेव्हा अठरा-एकोणिसाच्या मुलांबरोबर पंधरा ते सतराच्या मुलांचेही अपघात वाढलेले दिसले. कारण उघड आहे. अठराच्या पोराच्या हाती बाटली आली की ती त्याच्या पंधराच्या दोस्तापर्यंत पोचते. म्हणजे वय एकविसावर आणले तर ते एकविसावर थांबत नाही, आणखी खाली घसरते.

मळीचा हिशेब

आता आपल्या खिशाकडे वळू. एक टन उसापासून सुमारे ४० ते ४५ किलो मळी निघते आणि एक टन मळीपासून सव्वादोनशे लिटरच्या आसपास मद्यार्क. म्हणजे दहा टन उसामागे सुमारे शंभर लिटर. एकरी चाळीस टन धरले तर एकराला चारशे लिटर. मळीचे पैसे कारखान्याच्या हिशेबात जमा होतात, हे आम्ही नाकारीत नाही. पण हा मद्यार्क पिण्यासाठीच गेला पाहिजे असे कोठे आहे? पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण देशात २०२२ साली १० टक्के झाले आणि २०२५ साली २० टक्के. आपल्या मळीला आज मोटारीच्या टाकीचे गिऱ्हाईक आहे. ते उधारी मागत नाही, बायकोला मारीत नाही आणि नालीतही पडत नाही! शिवाय उसाची एफआरपी ठरते ती साखरेच्या उताऱ्यावर, दुकानात कोण किती प्याला यावर नाही.

२०२२ साली राज्याने किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाईन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हाही द्राक्षवाल्या शेतकऱ्याचे भले पुढे केले गेले. शेतकऱ्याचे नाव घेऊन बाटली पुढे सरकविण्याची ही रीत ओळखून असावे. दहा टनांच्या मळीतून चार पैसे जास्त मिळाले आणि घरातल्या पोराने बिलाची रक्कम देशीच्या पव्व्यात घातली, तर बेरीज कोणती आणि वजाबाकी कोणती?

खरे दुखणे

आमच्या मते खरा प्रश्न २५ की २१ हा नाहीच. दुकानाच्या फळीवर वय विचारतो कोण? आणि मोहफुलाच्या हातभट्टीवर तर वयाची पाटीच नसते. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, दंडार-नाटके होतात, पाहुणे येतात. त्या रात्री मंडपामागे जी पोट्टी झुलताना दिसतात त्यांत पंचविशीतली किती आणि सतरा-अठराची किती, हे प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी मोजावे. "त्याले कोन विचारते बाप्पा!" हे उत्तर आपण सगळेच देतो आणि तेथेच पाणी मुरते. भट्टीची दारू काय करते ते २०१५ साली मुंबईच्या मालवणीत दिसले. विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

पाळला न जाणारा आकडा खाली आणल्याने तो पाळला जाऊ लागत नाही. शेजारच्या चंद्रपुरात २०१५ साली बंदी आली. चोरटी दारू थांबली नाही आणि २०२१ साली बंदी उठली. यातला धडा इतकाच की, कायद्यामागे गाव उभे नसेल तर कागद फडफडतो.

आपल्या हाती काय?

घरातल्या पोराला बाटली आणायला दुकानात धाडू नये. पहिली ओळख बहुधा तेथेच होते. ऊसतोड टोळीला खुशाली द्यायची ती रोख किंवा धान्यात द्यावी, दारूत नको. मंडईच्या व लग्नाच्या मांडवात लहान पोरांना पाजणाऱ्याला चारचौघांत बोलावे. ग्रामसभेत दुकानदाराला वयाची खात्री करायला सांगावे. तरी ऐकत नसेल तर २००८ च्या आदेशाचा मार्ग आहे : गावातील महिला मतदारांनी रीतसर मागणी करून मतदान घ्यायचे. निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद होते. आमच्या भगिनी सभासदांनी हे ध्यानात ठेवावे.

तेव्हा पंचविसाचे एकवीस करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र पंचवीस हा आकडा कायद्याच्या पुस्तकात ठेवून भागणार नाही, तो गावच्या दुकानात दिसला पाहिजे. ऊस आपण पोरांसाठी लावतो. त्या उसाच्याच मळीत ती बुडू नयेत, एवढे पाहणे कोणत्याही खात्याच्या आधी आपले काम आहे.