पर्यावरणातही करिअर आहे!

मुलगी बी.एस्सी. झाली, की घरात चर्चा सुरू होते : बी.एड. की बँकेच्या परीक्षा? अशा वेळी तिने 'पर्यावरण' म्हटले, तर आईवडिलांच्या कपाळाला आठी पडते. झाडे लावून कुणाचे पोट भरते का?

पण हे क्षेत्र झाडे लावण्यापुरते राहिलेले नाही. १९८४च्या भोपाळ दुर्घटनेनंतर १९८६मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. खाण, धरण, सिमेंट कारखाना अशा मोठ्या प्रकल्पांचा हवा, पाणी, जंगल आणि माणसांवर काय परिणाम होईल, याचा अहवाल आधी द्यावा लागतो. त्यासाठी जीवशास्त्र, भूगर्भशास्त्र, रसायनशास्त्र, समाजशास्त्र अशा निरनिराळ्या विषयांचे तज्ज्ञ लागतात. कारखान्यांची सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळे इथेही कामाची संधी असते.

शिक्षण कुठे?

दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ इथे पर्यावरणशास्त्रात दोन वर्षांची एम.एस्सी. करता येते. इंजिनिअरना आयआयटी मुंबईत एम.टेक.चा मार्ग आहे. 'गेट' परीक्षेत २०२१पासून या विषयाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते. भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेत वनव्यवस्थापन, तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत वन्यजीवशास्त्र शिकवले जाते. या दोन्ही संस्था १९८२मध्ये स्थापन झाल्या.

खरी कसोटी

प्रवेश घेण्यापूर्वी एक प्रश्न जरूर विचारा : वर्षातले किती दिवस वर्गाबाहेर काम असते? प्रकल्पासाठीची पाहणी बहुधा पावसाळा सोडून एकाच ऋतूत होते. मे महिन्यात कोरडा दिसणारा ओढा श्रावणात मासे-बेडकांनी भरलेला असतो, हे पुस्तकातून कळत नाही. त्यासाठी चिखल तुडवावा लागतो.

दुसरी कसोटी अधिक अवघड. अहवालाचा खर्च प्रकल्पाची कंपनीच करते. पैसे देणाऱ्याला न रुचणारे सत्य लिहायला धैर्य लागते. त्याच अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत जनसुनावणीसाठी गावापुढे येतो आणि गावकरी त्यावर विसंबून बोलतात.

म्हणून मुलीने ही वाट धरली, तर आठी घालू नका. तिच्या सहीवर उद्या एखाद्या गावाचे पाणी अवलंबून असेल. ती सही खरी असावी, एवढा संस्कार मात्र घरातूनच द्या.