पैसे परत : तीस दिवस की वर्षभर?

आपल्या मंडळातल्या बऱ्याच भगिनी घरून काहीबाही विकतात. मी गोधड्या विकते. "पसंत नसेल तर पैसे परत" याची मुदत किती ठेवावी, असे मला नेहमी विचारतात. माझे मत, वर्षभर ठेवा.

मुदत ३० दिवसांची असली की गिऱ्हाईक तारखेवर डोळा ठेवते आणि मन द्विधा असेल तर २९व्या दिवशी वस्तू परत करून मोकळे होते. वर्ष हाताशी असले की घाई नसते. तोवर गोधडी घरचीच होऊन जाते. टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संशोधकांनी २०१६ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, त्यातही लांब मुदतीने परती घटतात असेच आढळले.

मात्र लांब म्हणजे बेमुदत नव्हे. मेनमधील एल. एल. बीनने आपला बेमुदत वायदा २०१८ साली एक वर्षावर आणला. लोक गराज सेलमध्ये घेतलेल्या वस्तूही परत करू लागले होते!

अमेरिकेत जाहिरातीत नुसते "पैसे परत" लिहिले, तर फेडरल ट्रेड कमिशनच्या मार्गदर्शनानुसार कोणत्याही कारणासाठी पूर्ण किंमत परत देण्याची तयारी हवी. टपालखर्च कापणार असाल, धुतलेली गोधडी घेणार नसाल, तर तसे जाहिरातीतच स्पष्ट छापा. शिवाय दर १०० डॉलरच्या विक्रीतले ५-१० डॉलर वर्ष उलटेपर्यंत वेगळ्या खात्यात राहू द्या. ते अजून तुमचे नाहीत.

चिवडा-लाडवांना मात्र वर्ष नको. डबा रिकामा करून तक्रार करणारे आपल्यातही आहेत, नावे कशाला घ्या!