शाळेतील बिनतारी यंत्राची जागा

ग्रामपंचायतीपर्यंत आलेल्या तंतुवाहिनीची जोडणी शाळेस मिळाली, म्हणजे उरलेले काम तंत्रज्ञाचे, असा आपल्यापैकी बहुतेकांचा समज असतो. तंत्रज्ञ येतो, ज्या खिडकीतून तार आत आली तिच्याशेजारीच वायफायचे यंत्र ठोकतो व निघून जातो. मग मुख्याध्यापकांच्या खोलीत धड्याची चित्रफीत उत्तम चालते आणि टोकाच्या वर्गात तीच दर दोन वाक्यांनी अडखळते. त्या वर्गातील मुलांचा पाठ बुडतो, आणि दोष जोडणीस दिला जातो. वस्तुतः पुष्कळदा दोष जागेचा असतो. आणि योग्य जागा शोधणे शिक्षकांस सहज साधण्याजोगे आहे.

जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यास भिंतीपलीकडील घंटा बिनतारी लहरींनी वाजवून दाखविली. लहरी भिंतीतून जातात खऱ्या. परंतु प्रत्येक भिंत आपली जकात वसूल करते. विटांची पातळ भिंत थोडी घेते, दगडाची जाड भिंत पुष्कळ. लोखंडी कपाट व पत्रा तर लहरींना परतवूनच लावतात. म्हणून चोरीच्या भयाने यंत्र कपाटात कुलूपबंद ठेवणे म्हणजे दिवा पेटवून पेटीत ठेवणे होय. पाणी लहरी शोषून घेते, आणि मनुष्यदेहात पाण्याचाच भाग अधिक. रिकाम्या वर्गात केलेली परीक्षा म्हणूनच फसवी ठरते. चाळीस मुले बसली की चित्र पालटते. यास्तव यंत्र मुलांच्या डोक्यांहून उंच, दाराच्या चौकटीच्या वर असावे. त्याच्या दांड्या उभ्या ठेवाव्यात. उभ्या दांडीच्या लहरी चहूबाजूंस पसरतात, वर-खाली फार थोड्या जातात.

कोरपना तालुक्यात असो वा अन्यत्र, खोल्या एका रांगेत व पुढे व्हरांडा अशी शाळा असेल, तर मधल्या खोलीचा विचार प्रथम करावा. व्हरांड्यात यंत्र लावण्याचा मोह होतो, पण पाऊस आणि वानरे या दोहोंचा अनुभव आपणास आहेच.

अंदाजावर मात्र विसंबू नये. चौकटीच्या कागदावर शाळेचा नकाशा काढावा, यंत्र तात्पुरते टेबलावर स्टूल ठेवून त्यावर चालू करावे आणि वर्ग भरलेले असताना लहरींचे बळ मोजणारे विनामूल्य ॲप घेऊन प्रत्येक कोपऱ्यात उभे राहावे. आकडे ऋण असतात: उणे ५० उत्तम, उणे ६७ पर्यंत चित्रफीत सुरळीत चालते, उणे ८० म्हणजे काम जवळजवळ थांबले. उणे ६० पेक्षा उणे ७० म्हणजे बळ दहापट कमी, हेही ध्यानी असावे. ही नोंद मुलांकडूनच करवून घ्यावी. ऋण संख्या त्यांस अद्याप ठाऊक नसतात. 'शून्याच्या जितके जवळ तितके चांगले' एवढे सांगणे पुरे. दोन-तीन जागी यंत्र हलवून पाहिले की ज्या जागी सर्वांत दुबळ्या कोपऱ्याचा आकडा सर्वांत चांगला येतो, ती जागा निवडावी. मुख्याध्यापकांच्या टेबलावरील आकडा येथे गौण आहे.

२.४ गिगाहर्ट्झची पट्टी भिंती अधिक सोसते, ५ गिगाहर्ट्झची अधिक वेगवान पण लवकर थकते. पहिली पट्टी भारतात २००५ पासून परवान्याविना खुली असल्याने शेजारच्या दुकानाची यंत्रेही तीच वापरतात. १, ६ व ११ या वाहिन्यांपैकी जेथे गर्दी कमी ती घ्यावी.

शाळेच्या दोन इमारतींमध्ये सागाची झाडे असल्यास विशेष सावध असावे. चैत्रात साग निष्पर्ण असतो, तेव्हा दुसऱ्या इमारतीत आकडा समाधानकारक येतो. आषाढात त्याच झाडांवर ओली, रुंद पाने दाटली की तो घसरतो, आणि नेमके तेव्हाच शाळेचे वर्ष सुरू झालेले असते. अशा ठिकाणी दुसऱ्या इमारतीत वेगळे यंत्र लावून तेथवर तारच न्यावी. तांब्याची तार १०० मीटरपर्यंत चालते; तथापि आपल्याकडील विजांचा विचार करता, उघड्यावरून न्यावयाची असल्यास तंतुवाहिनीच घ्यावी.