सरकारनियुक्त मजूर-प्रतिनिधि : कै. नारायण मल्हार जोशी

मजूर-पुढाऱ्यानें राजकारणांत शिरावें, याचें आज कोणास नवल वाटत नाहीं. परंतु ज्या काळीं बहुसंख्य गिरणीकामगारांस मताधिकारच नव्हता, त्या काळीं त्यांचा प्रतिनिधि विधिमंडळांत पोंचला कसा, आणि सरकारनें नेमलेल्या मनुष्यास मजुरांचा खरा प्रतिनिधि मानावें काय, हे दोन प्रश्न अभ्यासकापुढें उभे राहतात. कै. नारायण मल्हार जोशी यांच्या चरित्रावरून त्यांची उकल होण्यासारखी आहे. म्हणून तें आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजीं तेव्हांच्या कुलाबा, आतांच्या रायगड जिल्ह्यांतील गोरेगांव येथें झाला. पुण्यास शिक्षण झाल्यावर कांहीं वर्षें त्यांनीं शिक्षकाचें काम केलें व १९०९ सालीं ते ना. गोखले यांच्या भारत सेवक समाजांत दाखल झाले. १९११ मध्यें त्यांच्या पुढाकारानें मुंबईंत सोशल सर्व्हिस लीग स्थापन झाली. रात्रीच्या शाळा, वाचनालयें व दवाखाने यांच्या निमित्तानें त्यांचा कामगारवस्तीशीं निकटचा संबंध आला. येथपर्यंतचें त्यांचें कार्य समाजसेवेचें होय. त्यास मजूर-चळवळ म्हणतां येणार नाहीं.

पालट झाला तो १९१९ सालीं. त्या वर्षीं वॉशिंग्टन येथें पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली व तींत हिंदुस्थानांतील मजुरांचे प्रतिनिधि म्हणून सरकारनें जोशी यांस पाठविलें. या परिषदेंत हिंदुस्थानापुरती आठवड्यास ६० तासांची मर्यादा ठरली, आणि १९२२ च्या दुरुस्तीनें ती येथील फॅक्टरी कायद्यांत आली. परंतु मजुरांचा प्रतिनिधि त्यांच्या संघटनांच्या संमतीनें निवडावा, असा त्या परिषदेचा दंडक होता. आणि अशी अखिल देशाची संघटना येथें नव्हती. ही उणीव भरून काढण्याची निकड हें ३१ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबईंत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन होण्याचें एक प्रमुख कारण होय. लाला लजपतराय हे तिचे पहिले अध्यक्ष. जोशी यांनीं पुढें १९२५ ते १९२९ पर्यंत तिचें चिटणीसपद सांभाळलें.

१९१९ च्या सुधारणा कायद्यान्वयें मताधिकार मुख्यत्वें मालमत्ता व कर यांवर अवलंबून होता. चाळींतील खोलींत राहणाऱ्या मजुरास अर्थातच तो मिळाला नाहीं. ही त्रुटि झांकण्यासाठीं मजुरांचा म्हणून एक सभासद सरकार नेमीत असे. त्या जागेवर जोशी १९२१ मध्यें मध्यवर्ती विधिमंडळांत गेले व वीस वर्षांहून अधिक काळ तेथें राहिले.

या जागेचा उपयोग त्यांनीं कसा केला? १९२० मध्यें मद्रासच्या बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांच्या तंट्यांत हायकोर्टानें मद्रास लेबर युनियनच्या पुढाऱ्यांविरुद्ध मनाईहुकूम दिला. संप करविणें हा करारभंगास चिथावणी देण्याचा अपराध ठरल्यास कोणतीहि युनियन टिकणें अशक्य होतें. मार्च १९२१ मध्यें जोशी यांनीं युनियनांस कायद्याचें संरक्षण द्यावें असा ठराव विधिमंडळांत आणला. त्याचें फळ म्हणजे १९२६ चा ट्रेड युनियन कायदा. सात सभासदांस युनियन नोंदवितां यावी, नोंदलेल्या युनियनीच्या कार्यकर्त्यांस औद्योगिक तंट्याबाबत फौजदारी कटाच्या व नुकसानभरपाईच्या कांहीं दाव्यांपासून संरक्षण मिळावें, आणि राजकीय कामासाठीं ऐच्छिक वर्गणीचा निराळा निधि ठेवितां यावा, हीं त्याचीं मुख्य कलमें. स्त्री-कामगारांस प्रसूतिकाळीं सहाय्य मिळावें म्हणून त्यांनीं १९२४ मध्यें आणलेलें विधेयक मात्र नामंजूर झालें. मुंबई इलाख्यांत तसा कायदा १९२९ सालीं झाला.

आतां दुसरी बाजू. १९२८ च्या मुंबईंतील सहा महिन्यांच्या संपानें गिरणी कामगार युनियनचें बळ वाढलें व सनदशीर मार्गावरील अनेकांचा विश्वास उडाला. १९२९ मध्यें सरकारनें नेमलेल्या शाही मजूर कमिशनावर जोशी सभासद झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस पं. जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं नागपूर येथें भरलेल्या अधिवेशनानें त्या कमिशनावर बहिष्कार घालण्याचें ठरविलें, तेव्हां जोशी व त्यांचे सहकारी बाहेर पडले. स्वतः उभी केलेली संस्था सोडण्याचा हा प्रसंग त्यांच्या चरित्रांतील सर्वांत कठीण होय. सरकारनें दिलेलें आसन मजुराच्या हातचें शस्त्र होईल कीं त्याच्या पायांतील बेडी, हाच त्या वादाचा गाभा होता.

आमच्या मतें दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत तथ्य आहे. नेमलेल्या सभासदामागें मतदार नसतो. सरकारनें नकार दिल्यास त्याच्या हातीं बोलण्यापलीकडे कांहीं उरत नाहीं, हें प्रसूतिसहाय्याच्या विधेयकावरून दिसतें. तथापि ज्या कायद्याच्या आश्रयानें त्यांचे विरोधकहि पुढें युनियना नोंदवीत आले, तो घडविण्यांत याच आसनाचा उपयोग झाला. फूट १९४० पर्यंत सांधली गेली व जोशी पुन्हां ट्रेड युनियन काँग्रेसचे चिटणीस झाले. मतभेद असूनहि विरोधकांचा त्यांच्यावरील विश्वास सुटला नव्हता, याचा याहून सबळ पुरावा कोणता?

३० मे १९५५ रोजीं ते निवर्तले. नेमणूक कोणी केली एवढ्यावरून प्रतिनिधीची पारख करूं नये. मिळालेल्या जागेवरून तो कोणाचें गाऱ्हाणें मांडतो, हें पाहावें. जोशी यांचें चरित्र आम्हांस हेंच शिकवितें.