पेटी चाळीस किलोमीटरवर

पौषातली थंडी इंद्रवेल्लीच्या सरकारी दवाखान्यात खिडकीच्या फटीतून आत येते आहे. केस्लापूरच्या नागोबाची जत्रा तोंडावर आलेली, रस्त्यावर वर्दळ. आत वॉर्मरखाली एक किलो सातशे ग्रॅमची मुलगी. सिस्टर तिच्या काखेतला थर्मामीटर काढते. ३५.८.

"पेटीत ठेवा ना माय," आजी म्हणते. "माह्या भाचीचं पोरगं ठेवलं होतं नागपुरात."

पेटी आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात आहे, गुडीहत्नूरवरून चाळीसेक किलोमीटर. सिस्टर तेलुगूत फोन लावते, जागा आहे म्हणून आजीला खुणेनं सांगते.

मला २००२ सालचा एक तक्ता आठवतो. दर दहा हजार जन्मांमागे नवजात अतिदक्षतेच्या खाटा अमेरिकेत ३.३, ऑस्ट्रेलिया-कॅनडात २.६, ब्रिटनमध्ये अवघ्या ०.६७. तरी सारख्याच वजनाची बाळं अमेरिकेत काही जास्त जगत नव्हती. कमी वजनाची जन्मत मात्र जास्त. तक्ता चोख, पण त्याची मोजणी रुग्णालयाच्या आत सुरू होते. इथे गुडीहत्नूरच्या फाट्यापर्यंत पोर गार पडू नये, याचीच चिंता.

सिस्टर पोरीचं दुपटं काढते. टोपी, मोजे, लंगोट तेवढा ठेवते. आईच्या उघड्या छातीवर तिला उभी लावते, मान एका बाजूला वळवते आणि सुती लुगड्याच्या पट्ट्यानं दोघींना बांधून टाकते.

"मशीन नाही म्हून असं करता का?"

आजीचा संशय अगदीच खोटा नाही. १९७८मध्ये कोलंबियातल्या बोगोटात डॉ. एदगार रे यांनी हे सुरू केलं ते पेट्या पुरत नव्हत्या म्हणूनच. पुढे भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांतल्या रुग्णालयांत मोठी चाचणी झाली. २०२१मध्ये निष्कर्ष आला: बाळ आधी सावरू दे, मग आईजवळ देऊ, अशी वाट न पाहता जन्मल्याबरोबर छातीशी बांधलेल्या बाळांत मृत्यू २५ टक्क्यांनी कमी. अडचणीतली सोय मूळ रीतीला भारी पडली!

सिस्टरला चाचणी सांगायला वेळ नाही. "आजी, मशीनला दूध येतं का?" एवढंच ती विचारते. आजी पदर तोंडाला लावून हसते.

१०८ची रुग्णवाहिका दारात लागते. पुन्हा थर्मामीटर. ३६.५. सिस्टर चिठ्ठीवर आकडा आणि वेळ लिहिते, पट्टा ओढून पाहते आणि पोरीच्या आईला बजावते, "रिम्सच्या दारापर्यंत सोडायचं नाही. कुणी मागितलं तरी देऊ नको."

"आन् मी कुठं बसू?" आजी गाडीत डोकावत विचारते.